पॅड बांधून बसलेला मुलगा

दिवाळी अंक हाती घेणाऱ्या वाचकाला गोड गोष्ट हवी असते, आणि ती त्याला मिळावी. वर्षाचा सण आहे. तेव्हा आरंभी एक गोड गोष्टच सांगतो. ती माझी नव्हे. २०२५ सालच्या नोव्हेंबरात ती बहुतेक साऱ्या वृत्तपत्रांनी छापली होती आणि घरोघरी लोकांनी ती डोळे पुशीत वाचली होती.

१९८८ सालचा फेब्रुवारी महिना. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शिल्ड या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धेचा उपान्त्य सामना चालला आहे. शारदाश्रम विद्यामंदिराची दोन पोरे सेंट झेवियर्सच्या गोलंदाजांना अक्षरशः रडवीत आहेत. एकाचे नाव सचिन तेंडुलकर, दुसऱ्याचे विनोद कांबळी. दोघांची भागी ६६४ धावांची झाली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. या दोघांच्या मागून खेळायला जायचा होता तो तेरा वर्षांचा अमोल मुजुमदार. तो पॅड बांधून बसला, बसूनच राहिला. त्याची पाळी आली नाही. पुढे तो मोठा झाला, त्याने धावांचे डोंगर रचले, पण भारतीय संघाचे दार त्याला कधीच उघडले नाही. आणि मग सदतीस वर्षांनी, २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते हेच अमोल मुजुमदार. कप्तान हरमनप्रीत कौर त्यांच्या पाया पडली. दैवाने उशिरा का होईना, न्याय केला!

या गोष्टीतील घटना साऱ्या खऱ्या आहेत. तरीही कादंबऱ्या लिहिण्याच्या नादात काही वर्षे घालवलेल्या माणसाला ती वाचताना थोडी चुळबूळ होते. शेवट इतका बेमालूम बसला आहे की मधली पाने कोणी गाळली तर नाहीत ना, अशी शंका येते. आणि मी पोटासाठी मास्तरकी करतो, त्यामुळे आणखी एक भीती वाटते. अशी गोष्ट वाचून आपण वर्गातल्या मुलाला सांगू लागतो, ‘थांब बाळ, तुझेही दिवस येतील.’ हे आश्वासन आपण कोणाच्या भरवशावर देतो? म्हणून या गोष्टीची आणि तिच्या नायकाच्या कारकिर्दीची जरा कसोशीने परीक्षा करावी, असे मी योजले आहे.

प्रथम गाळलेली पाने पाहू. मुजुमदारांनी १९९३-९४ च्या हंगामात रणजी करंडकात पदार्पण केले ते हरियाणाविरुद्ध २६० धावा काढून. प्रथम दर्जाच्या पदार्पणात एवढ्या धावा जगात तोवर कोणी काढल्या नव्हत्या. हा विक्रम २०१८ पर्यंत टिकला. एकंदर १७१ सामने, ११,१६७ धावा, तीस शतके. २००६-०७ च्या हंगामात मुंबईचे कप्तान असताना पहिले तिन्ही सामने हरलेला संघ त्यांनी सावरला आणि रणजी करंडक जिंकूनच दाखविला. पुढे आसाम आणि आंध्र या संघांकडून ते खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले. या वीस वर्षांत भारताच्या मधल्या फळीत द्रविड, तेंडुलकर, लक्ष्मण, गांगुली अशी माणसे ठाण मांडून होती. जागा नव्हती, हे खरे. पण जागा नव्हती म्हणून वाट पाहणाऱ्याचे नुकसान झाले नाही, असे थोडेच होते?

मग न्याय झाला म्हणजे काय झाले? भारताची टोपी त्यांना मिळाली नाही ती नाहीच. विश्वचषक जिंकला तो मैदानात उतरलेल्या मुलींनी, आपापल्या घामाने. त्यांच्या विजयाला एका पुरुषाच्या जुन्या दुःखावरचा उतारा ठरविणे हा त्या मुलींवरही अन्याय आहे आणि त्या दुःखावरही. एका माणसाला जे मिळायला हवे होते ते मिळाले नाही, आणि दुसऱ्या एका कामात त्याने मोठे यश मिळविले. या दोन गोष्टी जमाखर्चाच्या एकाच पानावर मांडून बाकी शून्य काढता येत नाही. वृत्तपत्रांनी ती काढली. वाचकांना बरे वाटले. पण या हिशेबात मुजुमदारांनी प्रशिक्षक म्हणून नेमके केले काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. कारण गोष्टीच्या दृष्टीने त्यांचे काम केवळ शेवटच्या पानावर हजर राहण्याचे होते.

प्रशिक्षकाची कारकीर्द मोजायची तरी कशाने? सहज सुचणारे उत्तर : जिंकलेल्या सामन्यांनी. या उत्तराचा फोलपणा दाखवायला बास्केटबॉलसारखा खेळ नाही. आपल्याकडे अनेक शाळांच्या आवारात त्याचा खांब असतो, खांबाला लोखंडी कडे असते. जाळे असले तर शाळा सधन समजावी! हा खेळ १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्ड या गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने शोधून काढला. पुढे तो कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचा पहिला प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाचा जनकच आपल्या खेळात तोट्यात गेला! निकालाच्या मापाने मोजले तर नेस्मिथ नापास. पण त्याला नापास करणारा परीक्षक शहाणा म्हणावा काय?

याच खेळातला दुसरा माणूस घ्या, निकालाच्या मापाने सर्वांत उंच भरणारा. जॉन वूडन मूळचा शाळेत इंग्रजी शिकविणारा मास्तर. १९४८ साली तो लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक झाला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद यायला १९६४ उजाडले. म्हणजे सोळा हंगाम गेले. त्यानंतर १९७५ पर्यंतच्या बारा वर्षांत दहा विजेतेपदे आली आणि मध्ये सलग ८८ सामन्यांत संघ हरलाच नाही. एवढे यश पाहिल्यावर लोकांना वाटावे, हा माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून वीरश्रीची भाषणे करीत असेल. प्रत्यक्षात हंगामाच्या पहिल्या दिवशी तो आपल्या धिप्पाड खेळाडूंना मोजे कसे घालावेत हे शिकवी. मोज्याला सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. सरावाच्या दर मिनिटाची आखणी तो छोट्या कार्डांवर लिहून आणी.

१९७४-७५ च्या हंगामात गॅलिमोर आणि थार्प या दोन अभ्यासकांनी त्याच्या सरावाला बसून त्याची वाक्ये मोजली. २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत शाबासकी शंभरात जेमतेम सात, रागावणे तेवढेच. उरलेले बहुतेक सारे काय करावे आणि कसे करावे याचे नेमके सांगणे. आम्हां मास्तर लोकांना हे आकडे चटका लावणारे आहेत. आमच्या तासाला कोणी अशी मोजणी केली तर ‘गप्प बसा’ हे एकच वाक्य शंभरात किती वेळा निघेल, याचा मी अंदाज करून पाहिला आणि मग तो विचार सोडून दिला.

पण माझ्या मते वूडनची खरी परीक्षा त्या दहा विजेतेपदांत नाही, तशी त्या आकड्यांतही नाही. ती स्वेन नेटर नावाच्या मुलात आहे. नेटर उंचापुरा, गुणी. परंतु त्याच्याच जागेवर बिल वॉल्टन होता, त्या काळातला कॉलेजच्या खेळातला सर्वश्रेष्ठ खेळाडू. वूडनने नेटरला आधीच सांगून टाकले होते, की तुला सामन्यात फारसे खेळायला मिळणार नाही, पण रोजच्या सरावात तू वॉल्टनशी झुंजशील. झालेही तसेच. कॉलेजच्या एकाही सामन्याची सुरुवात नेटरने केली नाही, आणि १९७३ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत तो पहिल्याच फेरीत निवडला गेला. पुढे याच नेटरने त्या गॅलिमोरच्या जोडीने वूडनच्या शिकवण्यावर पुस्तक लिहिले. मैदानात चमकलेल्याने गुरूचे गुण गावेत यात नवल नाही. बाकावर बसविलेल्याने गुरूचे शिकविणे पुस्तकात उतरवून ठेवावे, हे मात्र नवलाचे आहे.

तेव्हा माझे माप हे. ज्यांना खेळविले त्यांच्यावरून प्रशिक्षकाची पारख पुरती होत नाही. ज्यांना बाहेर बसविले त्यांच्याशी तो कसा वागला आणि बाहेर बसल्या जागी त्यांची वाढ होत राहिली की खुंटली, यावरून ती होते. जिंकण्याहरण्यात नाणेफेक असते, पाऊस असतो, प्रतिपक्षाची चूक असते. बाहेर बसलेल्याशी वागण्यात मात्र फक्त प्रशिक्षक असतो.

हे माप घेऊन आता पुन्हा आझाद मैदानावर येऊ. शारदाश्रमचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर हे मूळचे मालवणचे. स्वतः ते प्रथम दर्जाचा एकच सामना खेळले. परंतु त्यांच्या हाताखालून बलविंदर संधू, चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, कांबळी, तेंडुलकर, अजित आगरकर असे कितीतरी खेळाडू भारतीय संघात गेले. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० मध्ये पद्मश्री मिळाली. २ जानेवारी २०१९ रोजी ते निवर्तले. त्यांच्याविषयीच्या आठवणींत तीन गोष्टी हटकून येतात. यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे : सचिनला बाद करील त्या गोलंदाजाचे, नाही तर सचिनचे. दुसरी, सरावाचा सामना चुकवून मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेल्याबद्दल सचिनला बसलेली चपराक. तिसरी, सरांनी त्याला कधीही ‘छान खेळलास’ म्हटले नाही ही. २०१३ च्या नोव्हेंबरात वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात तेंडुलकरने हे स्वतःच सांगितले, आणि आता सामने उरले नाहीत तेव्हा सरांनी शाबासकी द्यायला हरकत नाही असे विनोदाने सुचविले.

या तिन्ही गोष्टी सांगायला सोप्या, म्हणून त्या प्रसिद्ध. चपराकीचे तर आपण उगाच कौतुक करतो. मारून विद्या येत असती तर आमच्या पिढीत सारे पंडितच निपजले असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्याला बंदी केली, ती योग्यच केली. शाबासकी न देण्याचेही मला कौतुक नाही. ते एका सचिनला मानवले म्हणून प्रत्येक पोराला मानवेल असे नाही. काही मुले त्या मौनात कायमची मिटून जातात, हे कोणताही मास्तर शपथेवर सांगेल.

आचरेकरांची खरी विद्या मला वेगळ्याच दोन गोष्टींत दिसते. पहिली त्या झाडाची. अकरा वर्षांचा सचिन पहिल्यांदा शिवाजी पार्कवर आला तेव्हा सरांच्या देखत बुजला, त्याला धड खेळता येईना. थोरला भाऊ अजित याच्या विनंतीवरून सर निघून गेल्यासारखे करून झाडाआड उभे राहिले आणि तेथून त्यांनी त्याला पाहिले. आपल्या असण्याचे दडपण पोरावर येते हे ज्या शिक्षकाला कळते आणि जो स्वतः बाजूला होतो, त्याला शिक्षणाचे मर्म कळले आहे. दुसरी गोष्ट सामन्यांची. नेटमध्ये तासन् तास घोटण्यापेक्षा प्रत्यक्ष सामने खेळविण्यावर त्यांचा भर. उन्हाळ्याच्या साठ दिवसांच्या सुट्टीत पंचावन्न सरावसामने खेळल्याचे तेंडुलकरने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. एका मैदानावरचा डाव आटोपला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर नेत. सामने जास्त म्हणजे पाळ्या जास्त. आणि पाळ्या जास्त म्हणजे बाहेर बसणारे कमी. हा साधा त्रैराशिकाचा हिशेब आहे, पण तो करणारे किती?

आता त्या ६६४ धावांकडे या दृष्टीने पाहा. सारे जग ती भागी गुरूच्या गौरवाची म्हणून सांगते. वास्तविक त्या दिवशी गुरूची आज्ञा उलट होती! सर मैदानावर नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव घोषित करावा असा त्यांचा निरोप होता. सहायक सीमेवरून ओरडत राहिले, पोरांनी तिकडे पाहिलेच नाही. अखेर जेवणाच्या सुट्टीत दूरध्वनीवर सरांशी गाठ पडली आणि दोन बाद ७४८ वर डाव सोडावा लागला. विनोदला साडेतीनशेसाठी एक धाव हवी होती. तीही मिळाली नाही. सरांच्या मनात सामना जिंकण्याचा हिशेब असेल. तो बरोबरही ठरला, कारण समोरचा संघ दीडशेच्या आत आटोपला. पण त्या आज्ञेत एक गोष्ट गृहीत होती : डाव संघाचा आहे, दोघांचा नव्हे. मोडलेली आज्ञा आणि झालेला विक्रम या दोहोंतून आपण विक्रम उचलला, आज्ञा विसरलो. आणि त्या विक्रमाने तरी पुढचे काय ठरविले? एकाच दिवशी, एकाच खेळपट्टीवर, एकाच गुरूचे ते दोन शिष्य; एक दोनशे कसोटी सामने खेळला, दुसऱ्याची कसोटी कारकीर्द सतराव्या सामन्यात संपली. निकालावरून गुरू मोजणाऱ्याने येथे कोणता आकडा धरावा?

आचरेकरांच्या शिष्यांत मला विशेष लक्षणीय वाटते ते हे, की त्यांतले कित्येक पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. प्रवीण आमरे यांनी १९९२ साली डरबनला कसोटी पदार्पणात शतक काढले, आणि एवढे करून ते एकंदर अकराच कसोटी खेळले. हेच आमरे पुढे अजिंक्य रहाणेचे मार्गदर्शक झाले. आम्हां नगरकरांना हे नाव घेताना अंमळ ताठ बसावेसे वाटते. आमचा जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर झाला, पण ताठपणा तोच! रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढला तो डोंबिवलीला. भारतीय कसोटी संघाबरोबर तो वर्षाहून अधिक काळ नुसता फिरला, दुसऱ्यांना पाणी नेऊन दिले, आणि २०१३ च्या मार्चमध्ये दिल्लीला त्याला पहिली कसोटी मिळाली. २०२० च्या डिसेंबरात ॲडलेडला संघ ३६ धावांत कोसळल्यानंतर मेलबर्नला कप्तान म्हणून शतक ठोकणारा आणि पुढे ती मालिका जिंकून आणणारा तो हाच. संघ मायदेशी परतण्याआधी ब्रिस्बेनला करंडक त्याने नेऊन दिला तो नटराजन या नवख्या गोलंदाजाच्या हाती, जो त्या दौऱ्यावर मुळात केवळ सरावात गोलंदाजी करण्यापुरता नेलेला होता. बाहेर बसण्याचे शिक्षण वाया जात नाही, ते असे.

२०२१ मध्ये मुजुमदार मुंबईचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२२ च्या जूनमध्ये बंगळूरला रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईची गाठ मध्य प्रदेशाशी पडली. समोरच्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. म्हणजे दोन्ही मंडपांत आचरेकरांचेच शिष्य! मुंबई हरली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला. प्रशिक्षक मुजुमदार, कप्तान आश्वीचा रहाणे. पराभव आणि विजय दोन्ही पाच महिन्यांत. कोणता खरा मुजुमदार? दोन्ही.

आणि २०२३ च्या ऑक्टोबरात महिला संघाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. आता माझे माप लावून २०२५ ची विश्वचषक स्पर्धा पाहू. संघ ओळीने तीन सामने हरला : दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळण्यात आले होते. एक गोलंदाज अधिक हवी म्हणून. पुढच्याच सामन्यात ती परत आली, तिसऱ्या क्रमांकावर, आणि नाबाद ७६ धावा करून गेली. मग उपान्त्य सामना. ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. आपण तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे जेमिमाला मैदानात उतरण्याच्या अवघी पाच मिनिटे आधी कळले, असे तिनेच नंतर सांगितले. नाबाद १२७. भारताने ३४१ केल्या. महिलांच्या एक दिवसाच्या सामन्यांत एवढा पाठलाग पूर्वी कोणी केला नव्हता. त्या दिवशी प्रशिक्षकांनी फळ्यावर लिहिले होते ते इतकेच, की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा एक धाव जास्त हवी. खडू हाती धरणाऱ्या माणसाला या वाक्याची किंमत कळेल. तीनशे एकोणचाळीसचा डोंगर त्यांनी एका धावेएवढा करून दाखविला.

दुसरी बाहेरची मुलगी शेफाली वर्मा. ती मूळ संघात नव्हती. राखीव यादीतही नव्हती. सलामीची प्रतीका रावळ बांगलादेशाविरुद्धच्या सामन्यात जायबंदी झाली म्हणून तिला बोलावणे गेले. उपान्त्य सामन्यात ती दहाच धावा करून परतली. तरी अंतिम सामन्यात सलामीला तीच गेली आणि ८७ धावा करून आली. मग कप्तानाने तिच्या हाती चेंडू दिला. एरवी क्वचितच गोलंदाजी करणाऱ्या या मुलीने दोन मोहरे टिपले. दीप्ती शर्माचे अर्धशतक आणि पाच बळी यांच्याइतकाच हा भाग विजयाला कारण झाला. तिसरी मुलगी स्वतः प्रतीका. स्पर्धेत तीनशेहून अधिक धावा करून, न्यूझीलंडविरुद्ध शतक ठोकून ऐन वेळी तिला संघाबाहेर व्हावे लागले. नियमाने त्या रात्री पदक तिच्या वाट्याला नव्हते. परंतु विजयाच्या जल्लोषात ती चाकांच्या खुर्चीवरून सर्वांमध्ये होती. तिच्या सोबतिणींनी तिला बाहेर राहू दिले नाही.

यांतले प्रत्येक श्रेय प्रशिक्षकाच्या पदरात घालण्याइतका मी भाबडा नाही. निवड समिती असते, कप्तान असते, आणि जेमिमाची बॅट जेमिमाच्याच हातात असते. तिला वगळण्याच्या निर्णयातही प्रशिक्षकाचा वाटा असणारच. तो निर्णय अंगाशी आला हे उघड आहे. पण वगळलेली मुलगी चार दिवसांत तिसऱ्या क्रमांकाला उभी राहते, यादीबाहेरची मुलगी आल्याबरोबर आपल्या घरी आल्यासारखी खेळते, जखमी मुलगी घरच्यासारखी मध्यभागी असते. तेव्हा त्या संघाच्या मंडपात बाहेर बसणाऱ्याला माणूस म्हणून किंमत आहे, एवढे मानायला हरकत नसावी. आणि ही हवा संघात आपोआप तयार होत नाही. ती कोणीतरी रोज सांभाळावी लागते.

एक आक्षेप येथे येईल, तो मीच घेतो. ‘मास्तर, संघ अंतिम सामना हरला असता तर हे सारे तुम्ही लिहिले असते काय?’ बहुधा नसते. छापायला मागितलेही नसते. पण त्यामुळे मापात खोट येत नाही, वाचकांच्या आणि लेखकांच्या सवयीत येते. हरलेल्या संघाच्या प्रशिक्षकालाही हेच माप लावावे, आणि त्यात तो उत्तम गुणांनी पास होऊ शकतो. नेस्मिथला ते लावून कोणी पाहिले आहे?

मग त्या पॅड बांधून बसलेल्या मुलाचे काय? मला वाटते, वृत्तपत्रांनी त्याच्या बसण्याचा अर्थ चुकीचा लावला. त्यांनी ते दुर्दैव मानले, आणि विश्वचषक ही त्याची भरपाई. दुर्दैवाची भरपाई नेहमीच होत नाही. देशभरच्या मैदानांवर असे पॅड बांधून बसलेले आणि तसेच घरी गेलेले हजारो आहेत. सोसणे हा गुण आहे हेही मी म्हणणार नाही. सोसलेला माणूस कडवट होऊन दुसऱ्यांना सोसायला लावतो, असेच पुष्कळदा दिसते. घरातल्या सासवांपासून कचेरीतल्या हेडक्लार्कपर्यंत उदाहरणे शोधायला लांब जायला नको. मुजुमदारांची थोरवी असलीच तर ती येथे आहे, की बाकावरून जे दिसते ते त्यांनी लक्षात ठेवले आणि त्याचे रूपांतर सूडात होऊ न देता कामात केले. हे दैवाने केलेले नाही. हे त्यांनी स्वतः केले आहे, आणि म्हणूनच ते कौतुकास पात्र आहे.

आमच्या जिल्ह्यात क्रिकेटपेक्षा तालीम जुनी. चांगला वस्ताद कोणता, हे जुन्या माणसांना विचारले तर ती गदा किती आल्या हे सांगत नाहीत. आखाड्यात उतरलेले पोर, मग ते पुढे पैलवान होवो वा न होवो, अंगाने आणि मनाने धड करून घरी पाठवितो तो वस्ताद, असे म्हणतात. शाळांमधून मात्र आपण हे माप हरवून बसलो आहोत. तालुक्याच्या सामन्यांसाठी संघ निवडला जातो, फळ्यावर अकरा नावे लागतात, आणि मैदानावर आलेली बाकीची चाळीस मुले त्या दिवसापासून प्रेक्षक होतात. मुली तर पुष्कळदा प्रेक्षकांतही नसतात. सरावासाठी चेंडू किती, मैदान कोणाचे, तासिका आठवड्याला किती, या अडचणी मला ठाऊक आहेत. मी त्यांतच दिवस काढतो. परंतु एकाऐवजी चार संघ पाडून आपसांत सामने लावायला फार पैसा लागत नाही. आचरेकरांनी मोठे काम केले ते असेच : पोरांच्या पाळ्या वाढविल्या.

सुट्टीत घरोघरी मुले जमतील. कोणी सामना जिंकून आल्याचे सांगेल, चषक दाखवील. त्याचे कौतुक करावे, करंजीही एक जास्त द्यावी. त्यानंतर त्याला हळूच विचारावे, ‘तुमच्या संघात बाहेर कोण बसले होते रे? त्याचे नाव काय?’ नाव त्याला चटकन सांगता आले तर समजावे, त्याच्या सरांनी चांगले शिकविले आहे. आठवेना तर पोराला दोष देऊ नये. त्याच्या सरांना जाऊन भेटावे.